महादेवीची पाऊण घागर

काटेसांगवीत त्या साली माणसांच्या तोंडी दोनच विषय होते. उदगीर जिल्हा कधी होणार हा पहिला, आणि मन्मथप्पा हलकुड्यांची महादेवी बाई धरायची की गडी, हा दुसरा. पहिल्या विषयावर सगळ्या गावाचं एकमत होतं, पण त्यांना विचारतो कोण! दुसऱ्या विषयावर दोघांचं जमत नव्हतं, आणि कुणी विचारलेलं नसताना जो तो सांगत होता.

एरवी माघात गावाला एवढी सवड नसते. हरभरा निघायचा असतो, ज्वारी काढायची असते. त्या साली रानात काढण्यासारखं काही उभंच नव्हतं. पौषातच टँकर सुरू झाला होता आणि व्यंकटच्या हॉटेलातली दोन्ही बाकडी सकाळी सातपासून भरलेली असायची. हाताला काम नसलं की माणसाला मतं फार सुचतात.

विषय निघाला तो शिवरात्रीच्या जत्रेतल्या घागरीच्या शर्यतीवरून. काटेसांगवीची जत्रा तशी लहान. गड्यांच्या कुस्त्या दुपारी आणि बायांची घागरीची शर्यत सकाळी, ही तिची जुनी रीत. गावाबाहेरच्या बारवेपासून महादेवाच्या देवळापर्यंत डोक्यावर भरली घागर घेऊन यायचं, घागरीला हात लावायचा नाही, आणि जी पहिली पोचेल तिच्या पाण्यानं पिंडीला अभिषेक. बारव आता कोरडी होती, म्हणून शर्यत टँकरच्या पाण्यावर होणार होती आणि देवावर ओतलेलं पाणी पन्हळीतून जनावरांच्या हौदात सोडायचं ठरलं होतं.

ह्या वर्षी शर्यतीला बरकत आली ती गुरुबसप्पांमुळं. गुरुबसप्पांची उदगिरात आडत होती आणि जिल्हा मागणी समितीचे ते तालुक्याचे अध्यक्ष होते. जिल्हा काही अजून झालेला नव्हता, पण गुरुबसप्पांनी जिल्हास्तरीय घागर स्पर्धा जाहीर करून टाकली. बॅनर लागले, आसपासच्या गावांना निरोप गेले. पहिल्या बक्षिसाला हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली आणि तिच्यावर 'जिल्हा विजेती' असं रंगवूनही घेतलं. टाकी पाहून तालुक्यातल्या बायांचे डोळे चमकले. पाणी साठवायला जागा असणं हीच त्या दिवसांत श्रीमंती होती.

नावं लिहून घ्यायला गुरुबसप्पा ग्रामपंचायतीत वही घेऊन बसले, तेव्हा तिसऱ्याच नंबराला महादेवी आली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. गुरुबसप्पांचा पेन वहीवर टेकला आणि तिथंच थांबला.

"महादेवी, तू?"

"हाव अप्पा. महादेवी मन्मथप्पा हलकुडे. वय तेहतीस."

"बायांची शर्यत हाय गं ती."

"म्हणून तर आले."

तिनं आधार कार्ड पुढं ठेवलं. त्यावर नाव महादेवी होतं आणि पुढं स्त्री अशी नोंद होती. गुरुबसप्पांनी ते उलटून पालटून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचं मन राखायचं ह्या एकाच कामात त्यांचा जन्म चालला होता.

"कागद बरोबर हाय," ते म्हणाले. "पर गाव कागद वाचत न्हाई ना पोरी. बघू. समितीत ठरवू."

महादेवी कार्ड घेऊन बाहेर आली. पण ती गेली नाही, खिडकीशी उभी राहून म्हणाली, "ठरवा. पर ठरवतानी मला बोलवा. माझ्यामागं न्हाई ठरवायचं."

ह्या महादेवीचं आधीचं नाव चन्नबसप्पा. आजोबांचं नाव नातवाला, तसं ते ठेवलेलं. लहानपणापासून त्या नावाशी तिचं काही जमलं नाही. बारावीनंतर ती घर सोडून लातूरला गेली आणि एका दाळ मिलमध्ये हमाली धरली. सहा वर्षं पाठीवर पोती वाहिली. त्याच शहरात तिला तिच्यासारखी दोन-चार माणसं भेटली, डॉक्टर भेटला, औषधं सुरू झाली, ऑपरेशन झालं, आणि एका दिवशी तिनं स्वतःला महादेवी म्हणून हाक मारून पाहिली. संतकवयित्री अक्कमहादेवीच्या नावानं ठेवलेलं हे नाव तिच्या आजीचंही होतं. लातुरात ब्लाउज शिवायला शिकली. पाच वर्षांपूर्वी वडील वारले आणि आईचं, शांतम्माचं, खुब्याचं हाड मोडलं. मोठा भाऊ पुण्याला कंपनीत होता, तो फोनवर रडायचा पण यायचा नाही. मग महादेवीच आली, साडी नेसून, शिलाई मशीन टेम्पोत घालून, भर दुपारी.

शांतम्मा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाजेवरूनच तिनं कोपऱ्यातल्या घागरीकडं बोट दाखवलं.

"बाई म्हणून राहायचं म्हणायलीस ना? मग पाणी आण."

महादेवी घागर घेऊन हातपंपावर गेली आणि तिथं तिची फजिती झाली. भरलेली घागर तिनं खांद्यावर घेतली. गडी घेतात तशी. पंपावरच्या बाया पदराआडून हसायला लागल्या. क्विंटलभराचं ओझं पाठीवर पेलणाऱ्या माणसाला एक घागर डोक्यावर ठरवता येईना. दोनदा पडली, एकदा पोचा आला. शेवटी केवळाबाई पुढं झाली. केवळाबाई तेव्हा साठीला टेकलेली, घागरीची शर्यत अकरा वेळा जिंकलेली, आणि कुणाची भीड न धरणारी. तिनं आपल्या पदराची चुंबळ वळून महादेवीच्या डोक्यावर दाबून बसवली.

"ताकद लावू नको," ती म्हणाली. "मान मोकळी सोड. कमरंतून चाल. पाण्याला कळू देऊ नको तू चालायलीस म्हणून."

ह्या एका विद्येला महादेवीला दोन वर्षं लागली. मान दुखून ती झोपेत कण्हायची. गावातल्या पोरी जे सातव्या-आठव्या वर्षी खेळता खेळता शिकतात, ते ती अठ्ठाविसाव्या वर्षी शिकत होती. पण शिकली. आता ती आईचं, शेजारच्या बसम्माचं आणि गल्लीतल्या आणखी एका म्हातारीचं पाणी भरायची. शर्यतीत नाव द्यावं हे तिच्या मनात तीन वर्षांपासून होतं. देवळाच्या ओट्यावर लिहिली जाते त्या बायांच्या यादीत आपलं नाव असावं, एवढंच तिला पाहिजे होतं. कुणाला हे फार छोटं वाटेल. ज्यांची नावं जन्मापासून बरोबर यादीत असतात त्यांना ते छोटंच वाटणार.

हॉटेलात मात्र हलकल्लोळ उठला. महादेवी टँकरवरून येता-जाता ऐकत होती, कारण तिला ऐकू जावं इतक्या मोठ्यानंच ते चालायचं.

"दाळ मिलमधलं हाड हाय ते. आपल्या पोरी टिकतील का त्याच्यापुढं?"

"मोठमोठ्या स्पर्धेत बी असल्यांना बाद करायलेत. मी मोबाइलवर बघितलं."

"आरं, शिवरात्र हाय. देव सोता अर्धनारी हाय. पळू द्या की बिचारीला."

ह्या तिसऱ्याचा महादेवीला सगळ्यात जास्त राग आला. डोक्यावर घागर तशीच ठेवून ती हॉटेलापुढं थांबली.

"काका, मला देव करू नका," ती म्हणाली. "यादीत घ्या. अन् बिचारी कुणाला म्हणायले?"

बाकड्यांवरच्यांनी कप तोंडाला लावले. व्यंकट उगाच स्टोव्हला पंप मारत बसला. ती दिसेनाशी झाल्यावर पुन्हा सुरू झालं.

तिच्या स्वतःच्या गल्लीचं मत मात्र एका दिवसात फिरलं. पहिली आले तर टाकी गल्लीच्या तोंडाशी बसवीन, असं ती बसम्माजवळ सहज बोलून गेली होती. दुसऱ्या दिवशी जे लोक पाच वर्षं तिच्या नमस्काराला मान हलवत नव्हते ते दारात येऊन 'महादेवीबाई, तब्येत सांभाळा' म्हणायला लागले. महादेवीनं ते ऐकून घेतलं आणि आत येऊन आईला म्हणाली, "अव्वा, टाकीमुळं मी बाई झाले बघ." शांतम्मा इतकी हसली की तिचा खुबा दुखायला लागला.

ह्या सगळ्यात एकच मत असं होतं की ज्यानं महादेवीला झोप लागू दिली नाही. ते उमादेवीचं. उमादेवी म्हणजे एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी, शेजारच्याच गल्लीतली पोर. गेलं वर्षभर ती आणि महादेवी पहाटे डांबरी रस्त्यावर सोबत पळायच्या. एकट्या पोरीला घरचे सोडत नव्हते, महादेवी बरोबर असली की सोडायचे. ही सोबतही गावाला चालत होती. ती शर्यत नव्हती ना.

टँकरच्या रांगेत महादेवीनं तिला सरळच विचारलं, "उमा, तुला काय वाटतं?"

 उमानं हातातला पाइप केवळाबाईच्या हंड्यात सोडला आणि मग म्हणाली, "खरं सांगू का? आठशे मीटरला तू मला रोज मागं टाकतीस. मी किती बी मेहनत केली तरी टाकतीस. भरतीला तू माझ्या रांगेत असतीस तर मी भांडले असते. माझी एकच जागा हाय, महादेवीक्का."

महादेवीला हे टोचलं. पण तिला ते खोटंही म्हणता येईना. उमाच्या घामाचा तिला रोजचा अनुभव होता.

"अन् घागरीला?"

"घागरीला ये की!" उमा हसली. "घागरीला तुझी काय मातबरी हाय? घाई झाली की अजून मान ताठ करतीस तू."

केवळाबाई फिस्सकन हसली. "सोळा आणे खरं बोलली पोर. ज्यांनी जन्मात घागर उचलली न्हाई ते ताकदीचं बोलायलेत. घागरीला ताकद लागली असती तर म्हशीनंच पाणी भरलं असतं."

बैठक देवळात झाली. महादेवीला बोलावणं आलं नव्हतं, ती आपणहून गेली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिच्यामागं केवळाबाई, उमा आणि नाव दिलेल्या सात-आठ बाया येऊन बसल्या. पुढं समितीची पाच माणसं. पाचांपैकी एकाच्याही डोक्यावर आजवर चुंबळ बसलेली नव्हती.

गुरुबसप्पांनी घसा साफ केला. दुष्काळ आहे, पाणी जपून वापरायचं, म्हणून सगळ्यांच्या घागरी पाऊणच भरायच्या असं त्यांनी आधी सांगितलं. घागरीवर निम्म्यावर चुन्याची रेघ असेल; देवळात पोचल्यावर पाणी रेघेखाली गेलेलं असलं की ती बाई बाद. हे झाल्यावर ते मुख्य गोष्टीवर आले.

"महादेवीच्या बाबतीत समितीनं लई विचार केला," ते म्हणाले. "तिचं मन मोडायचं न्हाई अन् आपल्या लेकीबाळींवर बी अन्याय व्हायला नको. म्हणून असं ठरलं की महादेवीला पळू द्यायचं. फक्त तिची घागर गळ्यापर्यंत भरायची. तिच्या अंगात गड्याची ताकद हाय, तर तिला वजन जास्त. म्हणजे बरोबरी झाली. रेघ सगळ्यांना सारखीच."

पाचही जणांनी माना डोलावल्या. एवढा अवघड प्रश्न आपण एक घाव दोन तुकडे करून सोडवला ह्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

 बायांच्या बाजूला एकीचा पदर तोंडात गेला, दुसरीचे खांदे हलायला लागले. केवळाबाईनं तर कपाळावर हात मारून घेतला. पाणी कधी न वाहिलेल्या माणसांना एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती. गळ्यापर्यंत भरलेल्या घागरीतलं पाणी हलत नाही, त्याला हलायला जागाच नसते. पाऊण घागर ही खरी वैरीण. तिच्यातलं पाणी प्रत्येक पावलाला इकडून तिकडं जातं, घागरीला ओढतं आणि घागर मानेला. त्यात महादेवीची घागर काठोकाठ असणार आणि रेघ तिलाही निम्म्यावरच. वाटेत अर्धं पाणी सांडलं तरी ती बाद होणार नव्हती. समितीनं तिच्यावर ओझं टाकायला जाऊन शर्यतच तिच्या पदरात टाकली होती.

केवळाबाईनं मागून तिला कोपरानं ढोसलं. "गप बस," ती कानाशी पुटपुटली. "घे म्हणते. टाकी तुझी झाली."

महादेवीलाही ते कळत होतं. क्षणभर तिच्या डोळ्यांपुढं गल्लीच्या तोंडाशी बसवलेली टाकी आली, बाजेवरून ती बघणारी आई आली. पुन्हा रोज टँकरच्या रांगेत उभं राहणं नको. होकार द्यायचा आणि घरी जायचं, बस. पण तिच्या मनातून एक गोष्ट हलेना. अकरा बाया एका ओळीत उभ्या राहतील, दहा घागरी सारख्या असतील आणि अकरावी वेगळी. लांबून कुणालाही दिसेल की ती कुणाची. आयुष्यभर तिला वेगळंच काहीतरी दिलं गेलं होतं. वेगळी रांग, वेगळा चहाचा कप, वेगळी कीव. त्यातली आणखी एक वस्तू म्हणजे ही घागर.

ती खांबापासून पुढं आली.

"अप्पा, मला जास्त पाणी नको. मला बी पाऊणच घागर पायजे. समद्यांची हाय तीच."

गुरुबसप्पांचा चेहरा पडला. समितीतला एक जण मोठ्यानं हसला. "बघा! वजन झेपंना म्हणायली. मग गड्याची ताकद गेली कुठं?"

"हाव, तसंच समजा," महादेवी म्हणाली. "पर घागर तीच द्या. न्हाई दिली तर मी पळणार न्हाई, अन् घरी बी जाणार न्हाई. इथंच ओट्यावर बसते. जत्रेला येणाऱ्या परत्येक माणसाला सांगते, मला दुसरी घागर द्यायले म्हणून."

आता मात्र उमा उठली. "अप्पा, सगळ्यांची घागर सारखी नसंल तर मी बी माझं नाव मागं घेते."

"माझं बी," दुसरी म्हणाली, आणि तिसरी उठून उभी राहिली.

गुरुबसप्पांनी हात टेकले. शर्यतीला पोरीच नसतील तर नव्या जिल्ह्याची पहिली स्पर्धा कशाची! सारखी घागर मान्य झाली. हॉटेलात संध्याकाळपर्यंत नवं मत तयार होतं: महादेवीला वजन पेलत नाही, तिच्यात काही राम नाही, उगाच एवढी चर्चा केली. सकाळी तिला धिप्पाड म्हणणारेच संध्याकाळी तिला मरतुकडी म्हणत होते. केवळाबाई मात्र तिच्यावर रागावली. दोन दिवस तिनं महादेवीला नुसतं 'शहाणी' एवढ्याच नावानं हाक मारली.

शिवरात्रीला बारवेपाशी अकरा जणी उभ्या राहिल्या. ऊन चढायला लागलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. पार देगलुराकडून पाहुणे आले होते. पाऊण भरलेल्या स्टीलच्या घागरी एकीच्या डोक्यावर दुसरीनं चढवल्या. महादेवीची उमानं चढवली.

"मान," उमा म्हणाली.

"माहीत हाय," महादेवी म्हणाली. "तू तुझं बघ. मी सोडणार न्हाई तुला."

शिट्टी झाली. महादेवीचे पाय लांब, त्यामुळं पहिल्या शंभर पावलांत ती पुढं गेली. गर्दीतून आरोळी उठली, 'सांगत नव्हतो का!' आणि त्या आरोळीनं तिचं डोकं फिरलं. तिनं चाल वाढवली. तेवढ्यात डोक्यावरचं पाणी जागं झालं. मागं गेलं, पुढं आलं, पुन्हा मागं गेलं आणि तिच्या पाठीवर थंड ओघळ उतरला. तिला मान ताठ झाल्याचं कळलं. ती सैल सोडायची तर चाल मोडायला हवी होती, पाऊल आखूड करायला हवं होतं, पुढं गेलेल्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते करायला हवं होतं. तिनं दात आवळून ते केलं. लांब ढांगा सोडल्या, छोटी पावलं धरली. त्या अवधीत उमा झपझप तिच्या शेजारून निघून गेली. तिचे पाय चालत होते आणि वरची घागर नुसती पुढं सरकत होती. मागोमाग हंडरगुळीकडची एक सासुरवाशीणही गेली.

देवळाच्या सात पायऱ्या उरल्या तेव्हा महादेवी तिसरी होती. तिनं पायऱ्यांवर जीव तोडून त्या दोघींना गाठायला पाहिलं. पाचव्या पायरीवर पाणी पुन्हा हिंदकळलं आणि घागर कलली. तिचा हात आपोआप वर निघाला. तो तिनं मध्येच थांबवला, गुडघ्यात वाकून घागर मानेवर परत घेतली आणि चढली. तिसरी. केवळाबाईनं तिच्या घागरीत कडुनिंबाची काडी बुडवून पाहिली. पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं. मागून आलेल्यांपैकी चौघी बाद झाल्या.

महादेवी ओट्यावर मटकन बसली. ती हरली होती आणि तिला हरण्याचा खरोखर, अगदी रडू येईल इतका राग आला होता. पिंडीवर उमाच्या घागरीतलं पाणी पडायला लागलं, घंटा वाजल्या, आणि ती आपल्या ओल्या पाठीनं तशीच बसून राहिली. मनातल्या मनात ती पुन्हा पुन्हा ते पहिलं शंभर पावलांचं अंतर चालत होती आणि स्वतःला शिव्या देत होती.

गर्दीचं मन तोवर पाझरलं होतं. पुढं आलेली महादेवी मागं पडताना साऱ्यांनी पाहिली होती, आणि मागं पडलेल्या माणसावर लोकांचा फार लवकर जीव जडतो. बक्षीस समारंभ सुरू झाला. गुरुबसप्पांचा चेहरा फुलला होता. कुणी भांडलं नाही, कुणाचं मन मोडलं नाही, सगळं त्यांच्या मनासारखं झालं. पहिली उमादेवी, दुसरी ती सासुरवाशीण, अशी नावं पुकारून झाली. मग त्यांनी माइक जवळ ओढला.

"अन् आता एक विशेष सत्कार! आपल्या मनात शंका होत्या. त्या आज फिटल्या. महादेवीनं दाखवून दिलं की ती आपल्या लेकीबाळींच्या वाटेत येत न्हाई. ती आपलीच लेक हाय. तिला समितीकडून साडीचोळी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यंकट शिट्टी वाजवत होता. अर्धनारीवाले काका डोळे पुसत होते. पाच वर्षांत ह्या गावानं तिच्यासाठी पहिल्यांदा टाळी वाजवली होती, आणि ती कशासाठी वाजवली हे महादेवीला स्वच्छ कळलं. ती उठून वर गेली. गुरुबसप्पांनी साडी पुढं केली. तिनं घेतली नाही.

"अप्पा, तिसऱ्या नंबरला काय बक्षीस हाय?"

"आं? तिसऱ्याला... स्टीलची बादली हाय."

"मग तिसरा नंबर पुकारा की. पहिली पुकारली, दुसरी पुकारली. तिसरी कुठं गेली?"

गुरुबसप्पा गोंधळले. "अगं, तुझा तर विशेष सत्कार करायलो..."

"सत्कार नको. मी तिसरी आले. माझं नाव नंबरात पुकारा."

माइक चालूच होता, त्यामुळं हे सगळं जत्रेभर ऐकू जात होतं. टाळ्या थांबल्या. गुरुबसप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. कुणीच त्यांच्या मदतीला येईना. त्यांनी साडी खाली ठेवली आणि वहीत पाहून, एकेक शब्द सुटा करत वाचलं, "तिसरा क्रमांक. महादेवी मन्मथप्पा हलकुडे. काटेसांगवी."

बाजेसकट ओट्याखाली आणून ठेवलेल्या शांतम्मानं आपल्या नवऱ्याचं नाव लेकीच्या नावामागं माइकवर ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

महादेवीनं बादली घेतली. मग माइक स्वतःकडं वळवला. तिचा आवाज सुरुवातीला फाटला, पुढं सरळ झाला.

"मी हरले म्हणून तुमी टाळ्या वाजवल्या. हरलेली बाई समद्यांनाच आवडती. पर मी हरायला आले नव्हते. पुढल्या शिवरात्रीला मी परत येणार, अन् पहिलं यायलाच येणार. तवा बी हीच घागर द्या, हेच नाव पुकारा, अन् ही अशीच टाळी वाजवा. वाजवाल का न्हाई, ते आताच सांगा."

 गुरुबसप्पा आपल्या चपलांकडं पाहत होते. पाळण्यावाल्याचं गाणं तेवढं लांबून ऐकू येत होतं. महादेवी थांबली. तिला घाई नव्हती.

टाकीला पाठ टेकून उभी असलेली उमादेवी तिथूनच ओरडली, "आधी पहिली येऊन तर दाखव! मी काय बसून राहणार हाय का? पुढल्या साली बी मीच येणार पहिली."

बाया हसल्या, मग गडीही हसले. महादेवीनं उमाकडं पाहिलं. नाव दिल्यापासून गावानं तिला लेक म्हटलं होतं, बिचारी म्हटलं होतं, देव म्हटलं होतं. ही एकच पोर तिच्याकडं, आपल्याला हरवू शकेल अशी बाई म्हणून पाहत होती.

"ये मग," महादेवी म्हणाली. "उद्यापासूनच लागू. बारवेपासून देवळापर्यंत, पाऊण घागर."